दार कोणासाठी उघडे?

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे दार कोणीतरी सतत ठोठावत असते. कार्यालयातील फायरवॉलची नोंदवही उघडली, की एका रात्रीत शेकडो अनोळखी पत्ते येऊन गेल्याचे आढळते. मग चिंतातुर व्यवस्थापक ते पत्ते एकेक करून काळ्या यादीत घालतो. दुसऱ्या दिवशी तितकेच नवे पत्ते हजर! हा उद्योग भाबडा आहे. आणि आपल्या कितीतरी पतसंस्था, शाळा व छोट्या कारखान्यांत तोच सुरक्षेच्या नावाने चालतो.

आयपीव्ही४ या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. यादी करून त्यांना कोण पुरे पडणार? शिवाय ठोठावणारा बहुधा खरा चोर नसतोच. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने, कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीही न बदललेले लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. आपल्या कॅमेऱ्याकडून दुसऱ्यावर हल्ला होत आहे, याची मालकांना गंधवार्ताही नव्हती.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. चीन वा पाकिस्तानातून येणारे सारे पत्ते रोखले, की देशकार्य झाले, असे समाधान अनेक जण मानतात. ज्यांचा त्या देशांशी काही व्यवहार नाही, त्यांनी ते खुशाल रोखावेत; तेवढाच गलका कमी. परंतु पत्त्यावरून यंत्र कोठे आहे एवढेच, तेही ढोबळमानाने, कळते. ते चालवणारा हात कोणाचा, हे कळत नाही. शत्रूला भारतातील सर्व्हर भाड्याने घेता येतो, आणि नागपुरातील एखाद्या दुकानाचा कॅमेराही त्याच्या कामी येऊ शकतो. उलट मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. त्यांतील एकासाठी तो पत्ता रोखला, तर बाकीच्या निरपराधांनाही दार बंद होते.

मग करावे काय? हिरकणीच्या आख्यायिकेत रायगडाच्या पहारेकऱ्यांकडे शत्रूंची नावनिशीवार यादी नव्हती. सांज झाली की दरवाजे बंद, एवढा एकच नियम होता. फायरवॉलचा मूळ नियमही हाच असावा : बाहेरून आपणहून येणारे सर्व काही बंद, आणि ज्याचे काम आहे तेवढ्यालाच वाट. आतून मागवलेल्या गोष्टीचे उत्तर फायरवॉल ओळखते व आत घेते. त्यामुळे रोजचे काम अडत नाही. (ई-मेलमधून आपणच उघडलेली विषारी फाइल मात्र ती बहुधा रोखू शकत नाही, हेही ध्यानात असावे.)

संगणकावरील प्रत्येक सेवेला क्रमांकाचे दार असते, त्याला पोर्ट म्हणतात. १२ मे २०१७ रोजी पसरलेला ‘वॉनाक्राय’ फाइलींच्या देवाणघेवाणीच्या ४४५ क्रमांकाच्या दारातून शिरला. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. तरीही ब्रिटनमधील रुग्णालये ठप्प झाली आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही सापडले. ते दार इंटरनेटच्या बाजूने उघडे ठेवण्याचे बहुतेकांना काहीच कारण नव्हते.

आज हीच चूक निराळ्या रूपाने होते. हिशेबनिसाला घरून टॅलीवर काम करता यावे, म्हणून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडे ठेवले जाते. २०२० च्या टाळेबंदीत ‘तात्पुरते’ म्हणून अशी दारे उघडली गेली, आणि मग ती बंद करण्याचे राहून गेले. हिशेबनीस एक आहे, तर वाटही त्याच्यापुरतीच, व्हीपीएनच्या आडून, ठेवता येते. त्याला संगणकाच्या किमतीएवढाही खर्च येत नाही.

हिरकणी ज्या कड्यावरून उतरली, तेथे शिवछत्रपतींनी बुरूज बांधून घेतला, असे सांगतात. फायरवॉलची नोंदवही वाचायची ती अशा कड्यांच्या शोधासाठी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत, आणि आघात लक्षात आल्यापासून सहा तासांत तो कळवायचा आहे. नोंदी जपल्या जातातही. त्या वाचण्याचे काम मात्र कित्येक संस्थांत कोणाच्याच नावावर नसते.