गोळी आहे, चिठ्ठी नाही

आमच्या जिवतीच्या डोंगरात मनाचा आजार कुणी मानतच नाही, असं बाहेरची मंडळी समजतात. ते तितकंसं खरं नाही. गुड्यावरची म्हातारीसुद्धा सांगते, "सुनेचं चित्त थाऱ्यावर नाही, जेवत नाही, झोपत नाही." आधी देवाधर्माचं होतं, मग दवाखाना. त्या पहिल्या पायरीवर माझा राग नाही. अडतं ते दुसऱ्या पायरीवर.

ओळखीतल्या एका बाईंना चंद्रपूरला मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. महिन्या-दीड महिन्यात बाई पुन्हा घरात बोलू लागल्या. गोळ्या संपल्या तेव्हा नेमकी कापूस वेचणी. गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूर गाठायचं म्हणजे बाईंची आणि सोबत जाणाऱ्याची, दोघांची मजुरी बुडाली. जवळच्या एका डॉक्टरांनी "डोक्याची गोळी मी लिहीत नाही" म्हणून कागद परत केला. दुकानदार चिठ्ठीशिवाय देईना. तो नियमानेच वागला म्हणा.

आता बघा, हे औषध काही नवलाचं नाही. अमेरिकेत त्याला 1987 साली मान्यता मिळाली. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. एस्सिटालोप्राम आहे, जुनं अ‍ॅमिट्रिप्टिलिनही आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 सांगतं की अशी अत्यावश्यक औषधं सामूहिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सरकारी दवाखान्यांत रुग्णाला फुकट मिळाली पाहिजेत. ती लिहायला मानसोपचारतज्ज्ञच हवा असंही नाही. एमबीबीएस डॉक्टर लिहू शकतो. मग तो मधुमेहाची गोळी बिनदिक्कत लिहितो आणि इथेच त्याचा हात का अडखळतो? मला वाटतं, भीती औषधाची नाही, 'वेड' या शब्दाची आहे. शिकलेल्यांनाही ती सुटलेली नाही.

ही गोळी लागू पडायलाच दोन-चार आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवावी लागते. मध्येच तुटली तर आजार उलटू शकतो. म्हणून सुरुवात तज्ज्ञांनीच करावी; पण पुढच्या गोळ्या कुणी द्यायच्या हे त्यांनी त्याच कागदावर स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे लिहून द्यावं, आणि त्या अधिकाऱ्यांनी ते मानावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांनी एवढं केलं तरी पुष्कळ.

2022 पासून टेलिमानसचा 14416 हा फुकट नंबर आहे. बोलायला चांगला आहे. पण त्यासाठी आधी आमच्याकडे रेंज असावी लागते.