खणण्याआधी नकाशा, नाहीतर कोठडी

मुंबई-ठाण्यात जमिनीत कुदळ, जेसीबी किंवा बोअरचा हातोडा घालणाऱ्या प्रत्येकासाठी हा जाहीर इशारा आहे. रस्त्यांचे आणि मेट्रोचे ठेकेदार, केबल टाकणाऱ्या कंपन्या, बिल्डर, बोअरवेलचे रिगमालक आणि त्यांना बोलावणारे सोसायट्यांचे अध्यक्ष-सेक्रेटरी, सगळे यात आले. तुम्ही खणता त्या जमिनीखालून शहराचं पाणी वाहतं. ते फोडायचं आणि "आम्हाला ठाऊकच नव्हतं" म्हणून हात झटकायचे, हे यापुढे खपवून घेतलं जाणार नाही.

३० नोव्हेंबर २०२३ आठवतो का? अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामासाठी ड्रिलिंग चाललं होतं. ते थेट वेरावली जलाशयाच्या १,८०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीत घुसलं. अंधेरी, जोगेश्वरी, विलेपार्ल्यापासून घाटकोपर-कुर्ल्यापर्यंत लोकांचे नळ कोरडे पडले. दुरुस्तीची मुदत उलटली, नवी दिली, तीही उलटली. ठेकेदाराला पालिकेने १ कोटी ३३ लाखांचा दंड लावला. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. मेट्रो ६ प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा त्याचा खर्च ६,६७२ कोटी रुपये होता. एवढ्या मोठ्या कामात सव्वा-दीड कोटीच्या दंडाने कोणाची झोप उडते? तो चहापाण्याच्या खात्यात टाकला तरी हिशेबात दिसणार नाही.

"एवढं काय, एका दिवसात जोडून टाका," असं एसी केबिनमधून सांगणाऱ्यांनी एकदा त्या खड्ड्याच्या काठावर रात्र काढावी. आधी दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करायच्या. जुनी झडप कितीही आवळली तरी पूर्ण बसत नाही, पाणी झिरपतच राहतं. मग वाहिनीत साठलेलं पाणी उपसायचं. पंप अखंड चालू, आणि बाजूची माती ढासळू नये म्हणून खड्ड्याला लोखंडी आधार. वेल्डर चिखलात आडवा होऊन भोकावर पोलादी पत्रा धरतो, पण सांध्यातून पाण्याची एक रेघ आली तरी टाका धरत नाही. पुन्हा उपसा, पुन्हा पुसणं, पुन्हा वेल्डिंग. जोड पक्का झाला तरी लगेच नळाला पाणी येत नाही. वाहिनी हळूहळू भरावी लागते, आतली हवा बाहेर काढावी लागते. घाई केली तर ती दुसरीकडे फुटते. शिवाय दाब गेलेल्या वाहिनीत आजूबाजूचं घाण पाणी शिरण्याची भीती असते, म्हणून पुढचे काही दिवस पाणी गाळून, उकळून प्यायचं. पाचव्या मजल्यावरच्या म्हातारीने कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहायचं, आणि भोक पाडणाऱ्याने कार्यालयात बसून पंचनाम्याची वाट पाहायची!

बोअरवेलवाल्यांनी तर कान उघडून ऐकावं. भातसा-वैतरण्याचं पाणी भांडुपच्या शुद्धीकरण संकुलाकडे नेणारा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, ५,५०० मिलिमीटर व्यासाचा जलबोगदा ठाण्याखालून जातो. कित्येक मजले खोल, खडकात. ठाण्यात किसननगर भागात खासगी बोअर मारताना त्यालाही भोक पाडण्यात आलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात लागू करावी लागली, तीही ऐन उन्हाळ्यात. एका जागेच्या पाण्याची सोय करायला गेले आणि लाखो घरांचं पाणी तोडून बसले. रिगमालकहो, पुढच्या वेळी खडकातून पाण्याचा लोंढा उसळला तर नारळ फोडण्याआधी विचारा, हे पाणी जमिनीचं की शहराचं?

आता कायद्याचं बोलू. सार्वजनिक मालमत्तेची हानी रोखणारा १९८४ चा केंद्रीय कायदा आहे. पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेचं नुकसान करणाऱ्याला त्यात किमान ६ महिने, जास्तीत जास्त ५ वर्षं सक्तमजुरी आणि वर दंड, अशी शिक्षा आहे. बचावाची वाटही ठरलेली असते: "आमचा हेतू नव्हता." पण हेतू सिद्ध व्हायलाच हवा असं नाही. नुकसान होण्याची शक्यता ठाऊक असताना कृती केली, तरी गुन्ह्याला ते पुरतं. म्हणूनच हा इशारा जाहीरपणे दिला आहे. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केलं, तेही खणण्याआधी जमिनीखाली काय आहे हे विचारून घेण्यासाठीच. म्हणजे विचारायची सोय आहे, शक्यता ठाऊक आहे, परिणामही ठाऊक आहेत. यापुढे फुटलेल्या वाहिनीला चूक म्हणता येणार नाही.

आणि कायदा फक्त गरिबाला कडक लागतो, हेही आता चालणार नाही. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले. पालिकेने ते पाळले. वाहिनीला धोका नको म्हणून हजारो झोपड्या पाडल्या, माणसं माहुलच्या प्रदूषणात नेऊन टाकली. वाहिनीशेजारी राहिला त्याचं घर गेलं. वाहिनीत थेट ड्रिल घातलं त्याला दंडाची पावती. हा कुठला न्याय?

पालिकांनीही काखा वर करू नयेत. परवाना तुम्ही देता, रस्ता तुमचा आणि वाहिनीही तुमची. मग नकाशा का देत नाही? जलवाहिन्यांचे तपशील सुरक्षेच्या कारणाने चव्हाट्यावर मांडता येत नाहीत, हे मान्य. पण जो खणणार आहे त्याच्या हातात तो नकाशा देऊन पोच घ्यायला कोणी अडवलंय?

पावसाळ्यात रस्ते खोदायला मनाई असते आणि साधारण १ ऑक्टोबरपासून परवानग्या पुन्हा सुरू होतात. म्हणून ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत. तोवर पुढील चार गोष्टी झाल्या पाहिजेत.

१. जलअभियंता खात्याची सही आणि जलवाहिनीचा खोलीसह नकाशा जोडल्याशिवाय खोदकामाचा किंवा बोअरचा एकही परवाना देऊ नये.

२. मुख्य जलवाहिनीच्या आसपास यंत्र लावण्याआधी हाताने चाचणी खड्डा घेऊन वाहिनी प्रत्यक्ष पाहावी. त्या वेळी पालिकेचा अभियंता जागेवर हजर हवा.

३. प्रत्येक खड्ड्याशी मराठी फलक लावावा. त्यावर परवाना क्रमांक, ठेकेदाराचं नाव, जबाबदार अभियंत्याचा फोन आणि काम संपण्याची तारीख असावी.

४. वाहिनी फोडणाऱ्याकडून फक्त दुरुस्तीचा खर्च नव्हे, तर वाया गेलेल्या पाण्याचे आणि टँकरचे पैसेही वसूल करावेत. दुसऱ्यांदा फोडली तर त्याला काळ्या यादीत टाकावं.

यातलं काही झालं नाही, तर आम्ही पाणीपट्टी भरणारे गप्प बसणार नाही. वाहिनी फुटेल त्या दिवशी त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात १९८४ च्या कायद्याखाली लेखी तक्रार जाईल, ठेकेदार आणि परवाना देणारा अधिकारी अशा दोघांच्या नावाने. परवान्याची फाइल माहिती अधिकारात मागवली जाईल. पोलिसांनी टाळाटाळ केली तर न्यायालयाचं दार ठोठावलं जाईल. हा इशारा त्या प्रत्येक तक्रारीला जोडला जाईल, म्हणजे "ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय उरणार नाही.

रहिवाशांनाही एक सांगणं आहे. तुमच्या गल्लीत यंत्र आलं की आधी फलक बघा, परवाना मागा, फोटो काढून ठेवा. फलक नसेल तर काम थांबवायला सांगा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. पाणी गेल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा हे सोपं आहे.

ठेकेदारांनो, १ ऑक्टोबरला हातात नकाशा असेल तरच खणा. नसेल तर यंत्र बंद ठेवा.