आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मंडळी पांगल्यावर येथील एक गृहस्थ आपल्या चिरंजीवांसह माझ्याकडे आले. वडील मसाटच्या औद्योगिक वसाहतीत सुताच्या कारखान्यात कामाला. मुलगा संगणकशास्त्राचा पदवीधर. पुण्यातील एका कंपनीच्या मुलाखतीत अपयश पदरी घेऊन तो परतला होता. आता एक शिकवणीवर्ग ‘नोकरीची हमी’ देऊ करीत होता, आणि त्याच्या फीसाठी घरची जमीन गहाण टाकावी काय, हा प्रश्न घेऊन पितापुत्र आले होते.

“मुलाखतीत काय विचारले?” मी मुलास म्हणालो.

“फादर, बिल्ड ऑटोमेशन आणि डिपेंडन्सी मॅनेजमेंट ह्या दोनच विषयांवर सारे प्रश्न होते. शंभर प्रश्नोत्तरे मी तोंडपाठ केली होती. व्याख्या घडाघडा सांगितल्या. मग त्यांनी विचारले, ‘काल बिल्ड यशस्वी झाली. रात्री कोणी एक ओळही बदलली नाही. आज सकाळी तीच बिल्ड मोडली. कारण काय असेल?’ मी गडबडलो, आणि काहीतरी ठोकून दिले.”

“बरे, आता हेच तुझ्या वडिलांस समजेल असे सांग.”

मुलगा अडखळला. व्याख्या जिभेवर होती, अर्थ मात्र हाती नव्हता. तेव्हा मी त्यास वडिलांच्या कारखान्यापासून आरंभ करावयास सांगितले. कच्चे सूत बाहेरून येते; यंत्रावर ते तापवून पिळतात; मग तपासणी, मग बांधणी, मग लॉरी. हा क्रम कोणी मोडीत नाही. संगणकाच्या कामातही लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो, त्याची चाचणी घ्यावी लागते, मग त्याचा गठ्ठा बांधून रवाना करावा लागतो. हा क्रम दर वेळी हाताने न करता यंत्राकडूनच करवून घेणे म्हणजे बिल्ड ऑटोमेशन. आणि जसा कारखाना कच्चे सूत स्वतः तयार करीत नाही, तसाच संगणकतज्ज्ञही सर्व भाग स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी तयार केलेले भाग आणतो. त्यांस डिपेंडन्सी म्हणतात. कोणता भाग, कोणती आवृत्ती, कोठून आणावयाचा, ह्याची चोख व्यवस्था म्हणजे डिपेंडन्सी मॅनेजमेंट.

वडील एकाग्रतेने ऐकत होते. ते सहज म्हणाले, “आमच्याकडेही तसेच होते, फादर. यंत्र तेच, माणसे तीच. पण सुताचा लॉट बदलला की माल बिघडतो. म्हणून आम्ही लॉट नंबर लिहून ठेवतो. नाहीतर एखादे दिवशी लॉरीच येत नाही.”

मुलगा वडिलांकडे पाहतच राहिला. पुण्यातील त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच घरी होते! आवृत्तीचा आकडा निश्चित न लिहिता ‘नवी असेल ती आण’ असे लिहिले, किंवा स्नॅपशॉट म्हणजे अद्याप बदलत असलेली आवृत्ती वापरली, तर एका रात्रीत लॉट बदलतो. लॉरी न आल्याचाही दाखला आहे. मार्च 2016 मध्ये एनपीएम ह्या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या 11 ओळींचा भाग त्याच्या कर्त्याने काढून घेतला, आणि जगभर असंख्य बिल्ड मोडून पडल्या.

दुसरी गोष्ट आपणांस लग्नसमारंभावरून कळेल. आपण बोलावतो एका बँडमास्तरास. त्याच्यामागून येतात आठ वादक, आणि पान सर्वांसाठी मांडावे लागते. तसेच आपण मागितलेला एक भाग आपल्याबरोबर दुसरे भाग घेऊन येतो. डिसेंबर 2021 मध्ये लॉग-फोर-जे ह्या भागात गंभीर दोष आढळला, तेव्हा तो आपल्या घरात आहे हेच कित्येक संस्थांस ठाऊक नव्हते. तो दुसऱ्याच कोणाच्या मागून आला होता.

ह्या साधनांचा जन्मही अनुभवातूनच झाला. 1976 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका संशोधकाची सारी सकाळ एक चूक शोधण्यात वाया गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. नवी बांधणी मात्र झालीच नव्हती. ते ऐकून त्याचा सहकारी स्टुअर्ट फेल्डमन ह्याने ‘मेक’ हे साधन रचले. पुढे मेव्हन व ग्रेडल आली.

आता तरुणांस माझे सांगणे. मेव्हन आणि ग्रेडल दोन्ही मोफत मिळतात. त्यांची माहितीही मोफत आहे. त्यासाठी जमीन गहाण टाकण्याचे कारण नाही. लहानसा प्रकल्प स्वतः उभारा. मेव्हनला ‘पॅकेज’ म्हटले की कंपाइल व टेस्ट आपोआप आधी कसे होतात, ते पाहा. एकाच भागाच्या दोन आवृत्त्या मुद्दाम आणा: मेव्हन नात्याने जवळची घेते, ग्रेडल सामान्यतः नवी घेते, हे डोळ्यांनी पाहा. डिपेंडन्सी ट्री काढून कोण कोणाच्या मागून आला, ते शोधा. बिल्ड हाताने मोडा, आणि पुन्हा जोडा. प्रश्नोत्तरांची वही त्यानंतर उघडा. आडात पाणी भरले, म्हणजे पोहरा आपोआप भरून येतो.

त्या मुलाने तसेच केले. तीन महिने जुन्या संगणकावर रात्री बसला. पुढच्या मुलाखतीत एक प्रश्न त्यास आला नाही. तेव्हा त्याने ठोकून दिले नाही. “हे मला ठाऊक नाही, परंतु शोध कोठून सुरू करीन ते सांगतो,” असे म्हणून त्याने मार्ग सांगितला. त्या जागी दुसऱ्याची निवड झाली. परंतु दोन महिन्यांनी वापीतील एका लहान कचेरीत त्यास काम मिळाले. पगार माफक आहे. पण जमीन मोकळी आहे.

आईबापांनो, मुलगा वा मुलगी मुलाखतीस निघाली, म्हणजे आदल्या संध्याकाळी तिला आपल्याजवळ बसवा आणि म्हणा, “तुझे काम आम्हांस समजेल असे सांग.” सांगता आले, तर तयारी झाली समजा. आणि ऐकता ऐकता कदाचित तुम्हीच तिला एखादे उत्तर देऊन जाल.