चिप द्विमितीय झाली, ‘व्हॅली’ मात्र अजून प्रयोगशाळेतच

एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या फुदान विद्यापीठाने ‘वूजी’ हा ३२-बिट प्रोसेसर जगासमोर आणला. त्यात सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टर आहेत आणि ते सिलिकॉनचे नाहीत. ते आहेत मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीच्या थराचे. जूनमध्ये अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठानेही अशाच पदार्थांचा छोटा संगणक दाखवला. अशा बातम्यांच्या शेपटीला ‘व्हॅलीट्रॉनिक्स’ हा शब्द हमखास येतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या दोन्ही चिप नेहमीसारख्या विद्युतभारावरच चालतात: प्रवाह सुरू म्हणजे १, बंद म्हणजे ०.

मग व्हॅली म्हणजे काय? इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगानुसार बदलते. तिचा आलेख काढला की खोलगट दऱ्या दिसतात. या पदार्थांच्या एकेरी थरात सारख्याच खोलीच्या, पण वेगळ्या अशा दोन प्रकारच्या दऱ्या असतात. इलेक्ट्रॉन कोणत्या दरीत आहे, यावरून ० किंवा १ ठरवता येईल, ही मूळ कल्पना. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश एका दिशेने फिरणारा असेल तर एक दरी भरते, उलट फिरवला की दुसरी. २०१२ मध्ये तीन गटांनी हे प्रयोगात दाखवलं.

यात स्पिनही जोडलेला असतो. व्हॅलेन्स बँडच्या टोकाला एका दरीत स्पिन वर, तर दुसरीत खाली. या दोन स्पिनमधलं ऊर्जेचं अंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये साधारण १५० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. खोलीच्या तापमानाची उष्णता देते फक्त २५ च्या आसपास. म्हणजे दरी बदलायची तर स्पिनही बदलावा लागणार. कागदावर ही मेमरी एकदम पक्की!

पण प्रकाश एकटा इलेक्ट्रॉन देत नाही. सोबत होल येतो आणि दोघांची जोडी, म्हणजे एक्सिटॉन, बनते. परस्परक्रियेमुळे ही अख्खी जोडीच काही पिकोसेकंदांत दुसऱ्या दरीत जाते. स्पिनचं कुलूप एकेकट्यासाठी होतं, जोडी ते चुकवते. यावर तोडगा म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांवर ठेवून इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे करायचे. तसं केल्यावर होलची ‘आठवण’ मायक्रोसेकंदांपर्यंत टिकली, पण सुमारे १० केल्विनच्या थंडीत.

भारतातही दोन्ही वाटांवर काम चालू आहे. बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या शास्त्रज्ञांनी द्विमितीय चिपसाठी केंद्राकडे प्रस्ताव दिला आहे. आयआयटी मुंबईने बर्लिनच्या माक्स बॉर्न संस्थेसोबत २०२१ मध्ये साध्या ग्राफीनमध्येही लेझरने दरी निवडता येईल, हे सैद्धांतिक गणिताने दाखवलं. पहिल्या वाटेकडून काही वर्षांत कारखान्याची अपेक्षा ठेवणं रास्त आहे, दुसरीकडून नाही. दोघींना एकच डेडलाइन लावली तर मूलभूत संशोधन उगाच ‘फेल’ ठरेल.

म्हणून पुढची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा: तापमान किती होतं? माहिती किती वेळ टिकली? आणि ती वाचली कशी, लेझरने की तारेने? तिन्हींची उत्तरं चिपच्या भाषेत आली, तर समजा काहीतरी खरंच बदललंय.