गाडीच्या रंगाची राखण

या सदरात आजवर ठेवी, विमा, मृत्युपत्र, लॉकरवरील नामांकन अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळचा विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरात गाडी आहे, त्या घरातून यासाठी दरसाल काही ना काही रक्कम बाहेर जाते, आणि ती कशासाठी गेली हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

मार्चअखेरीस धाकट्या बहिणीच्या मुलाचा कोल्हापुराहून दूरध्वनी आला. नवी गाडी घेण्यासाठी तो शोरूममध्येच बसला होता. ‘‘मामा, कोटेशनमध्ये रंगाच्या कोटिंगचे अठरा हजार धरले आहेत. तीन वर्षे चकाकी हलणार नाही म्हणतात. कर्जातच बसवून देतो, हप्त्यात तीनशेचासुद्धा फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. सही करू का?’’

‘‘गाडीची कर, कोटिंगची आज नको,’’ मी म्हटले. ‘‘रविवारी सांगलीला ये. बसून हिशेब करू.’’

मी बँकेत अनेक वर्षे वाहनकर्जाचे प्रस्ताव पाहिले. कोटेशनच्या तळाशी असलेल्या अशा ओळींवर खूण करण्याची सवय त्या काळची. ‘हप्त्यात फरक पडत नाही’ हे वाक्य तर मला पाठ आहे. अठरा हजार रुपये ९ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर हप्त्यात सुमारे २९० रुपयांची भर पडते. असे हप्ते ८४. म्हणजे एकूण सुमारे २४,३०० रुपये. ज्या वस्तूचे आयुष्य विक्रेता स्वतःच तीन वर्षे सांगतो, तिचे हप्ते आपण सात वर्षे भरायचे. घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज घ्यावे, कारण घर त्या मुदतीपलीकडेही उभे असते. पत्र्यावरून उडून जाणाऱ्या थरासाठी ते घेऊ नये, हे सांगायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

पण रंगाचे रक्षणच करू नये, असा याचा अर्थ नाही. प्रश्न कशाने करावे हा आहे, आणि तो समजण्यासाठी प्रथम गाडीचा रंग म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्राइमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हे सारे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाहूनही पातळ. उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच थरात असतात. आपण ‘चकाकी’ म्हणतो ती याच थराची. पूर्वीच्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनी ज्यांनी वापरल्या त्यांना आठवेल, की पुसताना फडक्याला गाडीचाच रंग लागे. त्या रंगावर हे पारदर्शक कवच नव्हते. आता फडके स्वच्छ राहते, त्यामुळे काही झिजत नाही असा आपला समज होतो.

या कवचावर मेण किंवा सीलंट लावायचे, ते शत्रूचा पहिला वार त्याने झेलावा म्हणून. पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्ल, बोअरच्या पाण्यातील क्षार, झाडाचा चीक, आणि आमच्या भागात गळीत हंगामात कारखान्याच्या चिमण्यांतून येणारी काजळी हे ते शत्रू. त्यांना रंगाऐवजी आधी या थराशी गाठ घालावी लागते. हा थर एक मायक्रॉनचाही नसतो. तो झिजण्यासाठीच असतो आणि झिजला की पुन्हा लावायचा असतो. दगड उडाला, दुचाकीचे हँडल घासले, तर त्यापुढे मेणाचेही चालत नाही आणि सीलंटचेही.

आता मेण. बाजारात ज्याचा लौकिक मोठा ते कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर तयार होते. कोरड्या हवेत पानातील ओलावा उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज. पाने तोडून वाळवतात आणि झोडपून मेणाची भुकटी वेगळी करतात. औषधी गोळ्यांना आणि गोड पदार्थांना चकाकी येते तीही पुष्कळदा याच मेणाने. नैसर्गिक मेणांत हे सर्वांत कठीण समजले जाते. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मात्र ते इतके कठीण आहे, की तेले आणि द्रावके मिसळून मऊ केल्याखेरीज गाडीला लावताच येत नाही. तेव्हा डबीवर ‘शंभर टक्के शुद्ध कार्नोबा’ असे छापलेले असले, तरी डबीतला सगळा ऐवज कार्नोबा असू शकत नाही. टक्केवारी कशाची, हे विचारण्याची सवय बँकेबाहेरही उपयोगी पडते.

येथे आमच्या सौभाग्यवतींनी एक प्रश्न काढला, जो या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या मनात येईल: ‘‘त्यात मधमाशीचं मेण असतं का?’’ उत्तर असे, की अनेक पेस्टवजा मेणांत ते असते. कार्नोबाला मऊपणा आणण्यासाठी ते घालतात. ज्या घरात मध येत नाही, त्या घराच्या अंगणात हे मेण येऊ नये असे वाटणे साहजिक आहे. अडचण अशी, की डबीवर सर्व घटक छापलेलेच असतात असे नाही. उत्पादकाला पत्र किंवा ई-मेल पाठवून सरळ विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. शॅमॉय या नावाने मिळणाऱ्या पुसण्याच्या कापडाचेही तसेच. मूळ शॅमॉय हे कापड नसून कमावलेले मऊ कातडे असते. त्याच नावाने कृत्रिम कापडही मिळते, पण वेष्टन वाचून घ्यावे.

व्यवहाराच्या दृष्टीनेही मधमाशीचे मेण आमच्या हवेत कच्चे ठरते. ते ६२ ते ६४ अंशांना वितळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. डबीवर तीन महिने लिहिलेले मेण उघड्यावरच्या गाडीला सहा-आठ आठवडे टिकले, तरी पुष्कळ झाले म्हणायचे.

सीलंट म्हणजे कारखान्यात तयार केलेली पॉलिमर आणि सिलिकोन वर्गातील द्रव्ये. ती क्लिअर कोटला अधिक घट्ट धरून राहतात आणि उन्हाने ओघळत नाहीत. सावलीतल्या गाडीवर सहा महिने, बाहेर राहणाऱ्या गाडीवर चार महिने ती काम देतात. मेणाची चकाकी खोल आणि उबदार दिसते, सीलंटची काहीशी काचेसारखी, असे जाणकार म्हणतात. काळ्या किंवा लाल गाडीवर हा फरक मलाही दिसला. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर मात्र कोणी फरक दाखवून दिला, तर मी त्याला चहा पाजीन, आणि आपल्याकडे पांढऱ्या गाड्या किती आहेत हे रस्त्यावर पाहावे. मेण आणि सीलंट यांचे मिश्रण असलेल्या बाटल्याही मिळतात. माशीच्या मेणाचा प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो.

राहिले सिरॅमिक कोटिंग. ते सिलिकायुक्त असते, दोन्हींपेक्षा अधिक टिकते आणि जाणत्या हाताने लावल्यास उपयुक्तही आहे. पण त्याच्या जाहिरातीत ‘९एच’ कठीणपणाचा जो उल्लेख असतो, तो पेन्सिलीच्या चाचणीतला असतो, रत्नांच्या कठीणपणाचा नव्हे. म्हणजे ठराविक रीतीने दाबून ओढली असता ९एच क्रमांकाच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढेच. ‘टेफ्लॉन’ म्हणून जे विकले जाते, त्याबद्दल तर इतकेच म्हणेन, की तो पदार्थ ३२७ अंशांना वितळतो. तव्यावर तो भट्टीत भाजून बसवतात. गाडीला तसे भाजता येत नाही.

आता एक कबुली. माझी पहिली गाडी गडद निळी होती आणि तिच्यावर माझा फार जीव होता. दर दिवाळीच्या आधी मी ती गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिशिंगला देत असे. संध्याकाळी परत येई ती आरशासारखी. आठव्या वर्षी बॉनेटच्या कडेवर एक राखाडी रेघ दिसू लागली. मी ती डाग समजून पुसू लागलो. रंगकाम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने बोट फिरवून सांगितले, ‘‘साहेब, हा डाग नाही, प्राइमर आहे. रंग तुम्ही घासून संपवलात.’’ मला मेण आणि पॉलिश यांतील भेद तोवर माहीतच नव्हता. पॉलिशमध्ये, आणि त्याहून अधिक रबिंग कंपाउंडमध्ये, बारीक घासणारे कण असतात. ओरखडा दिसेनासा होतो तो भरला गेल्यामुळे नव्हे, तर त्याच्या आजूबाजूचा थर खाली आणल्यामुळे. मेण म्हणजे विम्याचा हप्ता, आणि पॉलिश म्हणजे मुद्दलातून उचल. मी आठ वर्षे मुद्दल उचलत होतो आणि त्याला बचत समजत होतो. डबीवर ‘क्लीनर वॅक्स’ असे असेल तर तिच्यातही थोडे घासणारे कण असू शकतात, हे नव्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवावे.

तर रविवारी भाचा आला. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो डबीविषयी नव्हता. ‘‘गाडी रात्री कुठं उभी राहणार, आणि रोज कोण पुसणार?’’

‘‘सोसायटीत, उघड्यावरच. पुसायला महिन्याचा माणूस आहे.’’

‘‘पाणी?’’

‘‘बोअरचं.’’

निर्णय तेथेच झाला. ज्याची गाडी छपराखाली असते, ज्याला रविवारची सकाळ गाडीसोबत घालवण्याची आवड आहे आणि दोन महिन्यांनी पुन्हा लावण्याचा कंटाळा नाही, त्याने निर्मळ वनस्पतिजन्य मेण खुशाल घ्यावे. बाकीच्या आम्हा सर्वांना वर्षातून दोनदा सीलंट पुरे: एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. अर्ध्या लिटरची बाटली हजार-दीड हजारात मिळाली. एका वेळेस तीस-चाळीस मिलिलिटरच लागते, म्हणजे ती काही वर्षे सरणार नाही. शोरूमच्या अठरा हजारांशी वाचकांनीच तुलना करावी.

नव्या गाडीचा रंग कारखान्यातच भट्टीतून निघालेला असल्याने थांबण्याचे कारण नसते. अपघातानंतर बाहेर रंगवलेल्या भागाला मात्र महिना-दोन महिने काही लावू नये, रंगाऱ्याला विचारूनच लावावे. आम्ही सकाळी सातला, पत्रा थंड असताना, सावलीत काम सुरू केले. गाडीच्या शाम्पूने धुतले. भांड्यांच्या साबणाने नव्हे, त्याने आधीचे मेण निघून जाते. पाणी आपोआप वाळू न देता मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घेतले, कारण वाळलेल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके सीलंटखाली कायमचे कोंडले जातात. मग स्पंजवर चार थेंब घेऊन एकेक भाग, इतका पातळ की लावला की नाही अशी शंका यावी. भाच्याने उत्साहाने पहिल्या दारावर भरपूर ओतले आणि ते पुसून काढता काढता त्याचे खांदे भरून आले. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधीच कागदी चिकटपट्टी लावली होती, नाहीतर त्यांवर पांढरा डाग बसतो. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे तो दिवस आणि रात्र गाडीला पाणी लागू दिले नाही. सीलंटवर पुढे हौस म्हणून मेण लावता येते. मेणावर सीलंट धरत नाही, हा क्रम चुकवू नये.

भाचा परत निघाला तेव्हा मी त्याच्या हातात मायक्रोफायबरची सहा कापडे दिली. ती त्याच्यासाठी नव्हती, त्या पुसणाऱ्या माणसासाठी होती. रोज पहाटे एकाच बादलीत तेच फडके बुडवून दहा गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर फिरते. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे त्याहून वाईट. संध्याकाळी दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेघा दिसतात, त्या उन्हाने वा पावसाने पडलेल्या नसतात. त्या पुसण्याने पडतात आणि त्यांवर ना मेणाचा इलाज चालतो, ना सीलंटचा. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला महिन्याकाठी मिळते किती, आणि त्यात त्याने प्रत्येक गाडीला स्वच्छ पाणी आणावे कोठून? भाच्याने त्याला सांगितले, ‘‘दादा, रोज नको. दोन दिवसाआड पुसा, पण बादली आणि कापड माझं. पैसे तेवढेच.’’ त्याने दोन वेळा खात्री करून घेतली की पैसे खरोखरच तेवढेच आहेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. त्याच संध्याकाळी भाच्याने छायाचित्र पाठवले. बॉनेटवर पाण्याचे टपोरे, गोल थेंब सुटे सुटे उभे होते. फक्त मागच्या उजव्या दारावर हातभर पट्ट्यात पाणी सपाट पसरले होते. त्या दाराशी काम चालू असताना आत न्याहारीची हाक आली होती, आणि तेवढा पट्टा आम्ही दोघेही विसरलो होतो.