विश्लेषण : ग्रामीण बँका एक झाल्या; खाती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातात कशी?

'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणानुसार 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे विलीनीकरण झाले. देशातील ग्रामीण बँकांची संख्या 43 वरून 28 झाली. अकोला-अमरावतीकडच्या खातेदारांसाठी शाखेवरची पाटी बदलली. पाटी एका दिवसात बदलते. डेटाबेस तसा बदलत नाही.

थेट जोडणी नसेल तर?

पहिल्या बँकेची प्रायोजक बँक ऑफ इंडिया, दुसरीची बँक ऑफ महाराष्ट्र. वेगवेगळ्या बँकांच्या यंत्रणा सुरक्षेसाठी अलगच ठेवल्या जातात. अशा वेळी रूढ पद्धत अशी : जुन्या सर्व्हरवर पूर्ण प्रत काढायची, कुलूपबंद करून हार्ड डिस्कवर न्यायची आणि पासवर्ड वेगळ्या मार्गाने पाठवायचा. दोन्ही टोकांना फाइलचा 'हॅश' काढतात. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. एक अक्षर बदलले तरी जुळत नाही. प्रत निघाल्यावरही शाखांत व्यवहार सुरूच असतात. म्हणून शेवटी काही काळ सेवा थांबवून तेवढे बदल नेले जातात. 'सेवा बंद राहील' हा मेसेज त्यासाठी असतो.

चूक कुठे होते?

वाहतुकीत क्वचितच. ठसा जुळला म्हणजे फाइल शाबूत आहे, नोंदी योग्य रकान्यात उतरल्या असे नव्हे. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक संगणकाने साधी संख्या म्हणून वाचला, की पुढचे शून्य गळते. 05/04 म्हणजे 5 एप्रिल की 4 मे? दोन खात्यांच्या रकमांची अदलाबदल झाली तरी एकूण ठेवींची बेरीज जुळतेच. म्हणून खातेनिहाय पडताळणी लागते आणि घाईत तीच कापली जाते. (इंजिनीअरिंगला आम्हाला बॅकअप घ्यायला शिकवले, तो परत उतरवून पाहायला कुणी लावले नाही.)

शेतकऱ्याचा हप्ता का अडू शकतो?

पीएम किसानचे 2,000 रुपये आधारच्या आधारे येतात. एनपीसीआयच्या नोंदीत खाते क्रमांक नसतो, आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे एवढेच असते. बँकेची ओळख बदलली की ही नोंदही बदलावी लागते. ती राहिली, तर शिल्लक बिनचूक असूनही हप्ता अडतो.

खातेदाराने जुने पासबुक टाकून देऊ नये. त्यातली शेवटची शिल्लक नव्या नोंदीशी ताडून पाहावी, आयएफएससी कोड शाखेत विचारून घ्यावा. आधारशी कोणती बँक जोडलेली आहे, हे 'माय आधार' पोर्टलवर दिसते.