हिरकणीचा बुरूज आणि आपलं हॅकिंग

हॉस्टेलवर कुणी "मी हॅकिंग शिकतेय" असं म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग अमक्याचं इन्स्टाग्राम उघडून दे ना!" त्यानंतर वायफायचा पासवर्ड. आणि बातमी स्टाफरूमपर्यंत गेलीच, तर "हे नसते उद्योग कशाला?" सगळ्यांच्या मनात एकच समीकरण पक्कं बसलंय. हॅकर म्हणजे चोर!

मी पाचाडची. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं असलं, तरी हा विषय समजून घ्यायला मला इंग्रजी पुस्तकाआधी हिरकणीची आख्यायिका उपयोगी पडली. दूध विकायला रायगडावर गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरी तान्हं बाळ आहे म्हणून रात्रीच कडा उतरून गेली. हे कळल्यावर शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून घेतला.

आता हीच गोष्ट इंजिनिअरच्या नजरेने बघा. दरवाजे भक्कम, पहारा चोख, पण एक वाट कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. जिथून आई उतरू शकते, तिथून शत्रू चढूही शकतो. म्हणून वाट दाखवणाऱ्या व्यक्तीला बक्षीस आणि वाटेवर बुरूज. मोठमोठ्या कंपन्या आज 'बग बाउंटी' देतात, म्हणजे यापेक्षा वेगळं काय करतात?

बुरूज वेळेवर बांधला नाही तर काय होतं, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलं. बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर शिरलं. पैसे काढायची विनंती खऱ्या यंत्रणेपर्यंत न पोहोचताच मंजूर होऊ लागली. २८ देशांतल्या एटीएममधून, अगदी आपल्या कोल्हापुरातूनही, बनावट कार्डांनी पैसे निघाले. दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले! तेव्हा सुरक्षा तपासणारी माणसं हवीत हे उघड आहे. ती आपल्यासारख्या कॉलेजांतूनच येणार ना?

पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. हिरकणी परवानगी न घेता उतरली, आपल्याला ती सवलत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलं, तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीसाठी केलं, तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "गंमत म्हणून केलं" हे उत्तर तिथे चालेलच असं नाही.

मग सुरुवात कशी करायची? आपल्याच मशीनवर! व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात लिनक्स घ्या. 'ओव्हर द वायर'चा 'बँडिट' हा खेळ खेळत कमांड शिका. वायरशार्कमध्ये आपलंच नेटवर्क ट्रॅफिक वाचा. ओवास्पचं 'ज्यूस शॉप' हे मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं दुकान आहे, ते मनसोक्त फोडा. हे सगळं फुकट आहे. आणि हो, कॉम्प्युटर नेटवर्क्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय फक्त पासिंगपुरते वाचू नका. टीसीपी कसं चालतं हे माहीत नसताना टूल चालवणं म्हणजे स्टेथोस्कोप गळ्यात घालून डॉक्टर झाल्यासारखंच!

दुसरी गरज संगतीची. एकट्याने बंद खोलीत शिकणारा मुलगा आडवाटेला लागायची भीती जास्त असते. चार जाणकारांत बसलं की काय करायचं यासोबत काय करायचं नाही, हेही कळतं. महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. पुण्यात २००७ मध्ये 'क्लबहॅक' परिषद भरली, गोव्यात २०१० मध्ये पहिली 'नलकॉन' झाली. त्यामागच्या 'नल' या मंडळाच्या पुण्या-मुंबईतल्या बैठका मोफत असतात, विद्यार्थ्यालाही जाता येतं. पण आमच्या महाड-पोलादपूरकडच्या मुलांना दर वेळी घाट चढून पुणं गाठणं परवडत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की असं मंडळ आपल्याच हॉस्टेलवर उभं करू. महिन्यातून एक रविवार, एक लॅब, सात-आठ जण. प्रत्येक वेळी एकाने एक विषय मांडायचा, तोही मराठीत चालेल.

शेवटी आदरणीय सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. उद्या एखाद्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या पोर्टलमध्ये सहज वापरताना चूक दिसली, तर त्याने कुणाला सांगायचं? देशपातळीवर अशा सूचना घ्यायला 'सर्ट-इन' ही सरकारी यंत्रणा आहे. तसा कॉलेजातही एक ईमेल पत्ता आणि अर्ध्या पानाचा नियम असावा : काय तपासायला परवानगी आहे, काय नाही आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. एवढा भरवसा नसेल, तर मुलं गप्प बसतील. चूक मात्र तिथेच राहील, आणि ती सापडणारा पुढचा माणूस सांगायला येणार नाही.

हिरकण्या आपल्या हॉस्टेलवर आहेतच. बुरूज बांधायची तयारी ठेवू या!